हा वाटा कुणाचा?

आमच्या बिल्डिंगमध्ये वाटणीच्या वेळी माझी आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहते. नवीन माणसाने पाहिलं तर त्याला वाटेल, म्हातारीला शिक्षा केली आहे. शिक्षा नाही, तो मान आहे. वाटे जमिनीवर मांडायचे, एकाने एकेका वाट्यावर हात ठेवून "हा कुणाचा?" एवढंच विचारायचं आणि भिंतीकडे तोंड केलेल्याने न बघता एका घराचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की विषय संपला. कुरकुर चालत नाही.

ही पद्धत कॅप्टनकाकांची. ते काही कॅप्टन नव्हते, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होते, पण एवढ्या मिशा असलेल्या माणसाला स्वयंपाकी म्हणवत नाही. जहाज अडकून पडलं की खलाशी असेच वाटे करत, असं ते सांगायचे. खरं असेल नसेल, आम्ही ऐकलं, कारण गेल्या पुरात आमच्या जिन्यात जे झालं त्यानंतर आम्ही कुणाचंही ऐकलं असतं. त्या वेळी प्रत्येकाची गरज दुसऱ्याच्या गरजेपेक्षा मोठी होती. कुणाचं बाळ, कुणाचा बाप, कुणाचं पथ्य. शब्दाने शब्द वाढला आणि दूध पावडरचा डबा हिसकाहिसकीत जिन्यावरून गडगडत खाली पाण्यात गेला. भली भली माणसं होती हो सगळी. नंतर कित्येक दिवस कुणी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

मग तयारी गट निघाला. गच्चीखालच्या खोलीत सगळ्यांनी मिळून पाण्याचे सीलबंद कॅन, तांदूळ, बिस्किटं, पावडर, मेणबत्त्या, पाण्यात टाकायचं औषध, जुलाब झाल्यावर देतात ती साखर-मिठाची पाकिटं असं साठवलं. आणि नियम ठरला की वाट्यापाशी कुणीही आपली गरज बोलून दाखवायची नाही.

या वेळी नदी वर आली तेव्हा पहिल्याच दिवशी बोटीने बहुतेकांना नेलं. आम्हाला पुढच्या फेरीत नेणार होते. ती फेरी झालीच नाही. वारा सुटला, प्रवाह वाढला आणि बोट लांबूनच माघारी फिरताना आम्ही गच्चीतून पाहिली. पाच घरं मागे राहिली. कॅप्टनकाका एकटे. बेकरीवाला आणि त्याची बायको. शिकवणीच्या बाई. आमच्या समोरच्या दारातला, चष्म्यांचं दुकान असलेला चष्मेवाला आणि त्याची आई. आणि आम्ही, म्हणजे मी, माझी लेक आणि माझी आत्या. नवरा माझा बसड्रायव्हर, तो पुलाच्या पलीकडे अडकला होता आणि फोन केव्हाचे बंद पडले होते.

लेकीला सगळे बटण म्हणतात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून. मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला आहे, घरात बटणांचे डबे पडलेले असतात, त्यामुळे ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. पूर आला त्या सकाळी ती नळाचं पाणी प्यायली. मी बिछाने वर चढवत होते, माझं लक्ष नव्हतं. दुपारपासून तिला जुलाब सुरू झाले आणि रात्रीपर्यंत पोरीचे डोळे खोल गेले.

पहिल्या वाटणीला मी हात ठेवणारी होते. मलाच नेमलं होतं, कारण मी तोंडावर बोलते, माझ्या पोटात काही राहत नाही, अशी माझी ख्याती. वाटे सारखे करणं काही शक्य नसतं. अर्धा टॉर्च कुणाच्या कामाचा नाही, आणि सीलबंद कॅन फोडून पाच भांड्यांत ओतायचा तर ती भांडी धुवायला चांगलं पाणी कुठे होतं? गच्चीवरच्या टाकीत गंजकट पाणी होतं, ते औषध टाकून किंवा उकळून प्यायचं. तेव्हा एका वाट्यात सीलबंद कॅन, दुसऱ्यात टाकीचं पाणी आणि जास्तीचे तांदूळ, तिसऱ्यात आणखी काही, असं कॅप्टनकाकांनी डोकं लावून जुळवलं होतं. एका वाट्यात कॅन आणि साखर-मिठाची पाकिटं एकत्र आली होती.

मी त्यावर हात ठेवला. "हा कुणाचा?"

"आमचा," आत्या भिंतीला म्हणाली.

त्या पाकिटांवर बटण तगली, हे मी आजही सांगते. दुसऱ्या वाटणीला पावडर आणि पाण्याचं औषध आमच्याकडे आलं. तिसऱ्या वेळी पुन्हा कॅन.

"आत्याबाईंचा वशिला थेट वरपर्यंत दिसतोय," बेकरीवाला हसत म्हणाला. त्याच्या वाट्याला मेणबत्त्या आल्या होत्या, आणि हसणं जरा जास्तच दात दाखवून होतं.

"वर जायची वेळ जवळ आली की ओळखी वाढतात," आत्या म्हणाली. सगळे हसले. मीसुद्धा हसले. माझं नशीब आजवर कधी असं सरळ चाललेलं नाही, हे तेव्हा माझ्या मनात आलं, पण आलेलं चांगलं घ्यावं आणि गप्प बसावं, एवढी अक्कल मलाही आहे.

चौथ्या वाटणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी चष्मेवाल्याकडे काडेपेटी मागायला गेले. दार उघडंच होतं. तो मोरीपाशी उकिडवा बसून टाकीचं पाणी चष्मे पुसायच्या मऊ कापडातून गाळत होता. पिवळ्या रंगाचे ते कापडाचे तुकडे त्याने एकावर एक घडी करून घेतले होते. आत पलंगावर त्याची आई भिंतीकडे कूस करून पडली होती. खोलीत तो वास होता, जो माझ्या घरात चार दिवस होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काल पहाटेपासून. गॅस संपला ना वहिनी. उकळता येत नाही. औषध तर आमच्याकडे आलंच नाही."

तीनही वाटण्यांना त्यांच्याकडे टाकीचंच पाणी गेलं होतं. ते औषध आमच्या ओट्यावर होतं. मी तशीच परत फिरले, औषधाची बाटली आणि अर्धा उरलेला कॅन उचलून घेऊन गेले.

चष्मेवाल्याने बाटलीकडे पाहिलं, कॅनकडे पाहिलं आणि मान हलवली. "नको."

"अहो, नको काय? धरा."

"बटणला लागेल. तिच्या वाट्याचं आहे ते."

"ती बरी आहे आता."

"बरी आहे तर उठून का बसत नाही?" तो म्हणाला. बटण अजून उठून बसत नव्हती, हे खरंच होतं.

पलंगावरून म्हातारी बोलली. आवाज इतका बारीक झाला होता की मी जवळ गेले. "लेकराच्या तोंडचं काढून मी पिऊ का गं? माझं काय, आज आहे उद्या नाही. घेऊन जा ते. मी तोंडाला लावणार नाही."

"मावशी, हट्ट करू नका."

"घेऊन जा म्हणते ना." आणि तिने तोंड मिटून घेतलं, अगदी औषध नको म्हणणाऱ्या मुलासारखं. चष्मेवाला माझ्याबरोबर दारापर्यंत आला. "तिच्या नावाने निघालेलं असतं तर प्यायली असती," तो हळूच म्हणाला. "आमचं नशीबच तसं निघालं. तुमचा काय दोष?"

मी कॅन घेऊन परत आले. आत बटण पलंगावर आडवी पडून आत्याशी खेळत होती. एका मुठीत बटण लपवायचं, दोन्ही मुठी पुढे करायच्या आणि विचारायचं, "ह्यात? का ह्यात?" आत्या डोळे मिटून बसली होती.

"डाव्या."

"ह्यात? का ह्यात?"

"पुन्हा डाव्या. लबाड."

"ह्यात? का ह्यात?"

"आता उजव्या."

बटण वैतागली. "आत्याआजी, तू बघतेस!"

"बघायला कशाला हवं? ज्या मुठीत असतं तिथे तुझा आवाज दबक्या पावलांनी येतो," आत्या म्हणाली. "टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेलं माझं. नुसतं हॅलो ऐकलं की कळायचं, माणूस आनंदाची बातमी सांगणार आहे की उसने मागणार आहे."

मी कॅन ओट्यावर ठेवला. माणसाच्या डोक्यात काही गोष्टी हळूहळू शिरतात, ही मात्र एका झटक्यात शिरली. ती जी भिंतीकडे तोंड करून उभी राहत होती, ती डोळ्यांनी बघत नव्हती खरी. तिला डोळ्यांची गरजच नव्हती. मी होते ना विचारायला.

बटणचा डोळा लागेपर्यंत मी थांबले. मग आत्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तुला कळत होतं," मी म्हटलं. "वाटणीला. मी कुठल्या वाट्यावर हात ठेवलाय ते तुला कळत होतं."

माझी समजूत होती की ती नाही म्हणेल. तिने पदराने ओटा पुसला, जो आधीच पुसलेला होता. "होतं," ती म्हणाली.

"आत्या!"

"ओरडू नकोस, पोर उठेल. पोरीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. तू त्या पाकिटांवर हात ठेवलास आणि तुझा आवाज गयावया करत होता. मी काय बहिरी होऊ?"

"मी काहीही मागितलं नव्हतं."

"मागितलंस. तोंडाने नाही मागितलंस." ती स्टुलावर बसली. ज्या बाईने मला आई गेल्यावर वाढवलं, माझ्यासाठी लग्नसुद्धा केलं नाही, ती इतकी थकलेली मी कधी पाहिली नव्हती. "एवढी वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं. कुणाचा बाप गेला, कुणाचं लग्न मोडलं, सगळं कानावर पडायचं. बाहेर कधी चकार शब्द काढला नाही. घरचा फुकट कॉल एकसुद्धा लावला नाही. हे एवढंच केलं."

"समोर मावशी मरायला टेकल्या आहेत. आपलं औषध इथे आणि त्या टाकीचं पाणी पिऊन..."

"ते मला माहीत नव्हतं."

"आता माहीत झालं. उद्या चांगला वाटा त्यांना जाऊ दे. त्यांच्या नावाने निघाला तरच त्या घेतील."

आत्याने पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "तुझी पोर उभी राहिली की बोल. मी माझ्या तोंडाने बटणचं पाणी दुसऱ्याला देणार नाही. तुला पटत नसेल तर जा, सांग सगळ्यांना. आत्या चोर आहे म्हणून सांग. मी खाली मान घालून ऐकून घेईन."

तिला माहीत होतं मी सांगणार नाही. मला राग आला, तिचा आला, माझा त्याहून जास्त आला. कारण तिने जे ऐकलं ते खरं होतं. मी त्या पाकिटांवर हात ठेवला होता आणि जीव तोडून मनात म्हटलं होतं, आमचा म्हण, आमचा म्हण. तेवढं मी म्हटलं नसतं तर तिने काय ऐकलं असतं?

संध्याकाळी मी कॅप्टनकाकांना गाठलं. म्हटलं, उद्या हात दुसऱ्या कुणीतरी ठेवावा, माझा घसा बसलाय. ते मिशी कुरवाळत बघत राहिले. "अगं, मध्येच माणूस बदललं की लोक कारण शोधतात. बेकरीवाल्याचं तोंड पाहिलंस ना? आपल्या पाच घरांत एकदा का संशय शिरला, तर पुन्हा जिन्यात डबे गडगडतील. घसा बसलाय तर बसलेल्या घशाने विचार."

दुसऱ्या दिवशी गच्चीखालच्या खोलीत सगळे जमले. वारा अजून होता, बोटीचं चिन्ह नव्हतं. साठ्यातलं हे शेवटचं, हे सांगायची गरज नव्हती, मागच्या फळ्या रिकाम्या दिसत होत्या. चष्मेवाला आईला एकटं सोडून आला होता आणि सारखा दाराकडे बघत होता. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीचा रंग तिथे उडाला होता आणि तिचं कपाळ जवळजवळ भिंतीला टेकलं होतं.

पाच वाटे. एकात शेवटचा सीलबंद कॅन आणि उरलेली साखर-मिठाची पाकिटं होती. तीन बरे होते, कुठे तांदूळ, कुठे पावडर, आणि टाकीचं पाणी सगळ्यांत. शेवटच्यात टाकीचं अर्धा कॅन तांबूस पाणी, मेणबत्त्या आणि ओल लागलेला बिस्किटांचा पुडा. कापडाचा थर कापला की कडेला जे उरतं आणि फेकवत नाही म्हणून गोळा करतात, तसला तो वाटा होता.

मी त्या वाट्यापाशी गुडघ्यावर बसले. डोळे मिटले. बटणचे पांढरे होणारे डोळे आठवले. तिची जीभ कोरडी पडली होती आणि ती पाणी म्हणायच्या ऐवजी नुसते ओठ हलवत होती, ते आठवलं. मग मी तो ओला पुडा हाताखाली दाबला.

"हा कुणाचा?"

कारखान्यात मशीनच्या गोंगाटात ओरडून ओरडून माझा आवाज जाडाभरडा झाला आहे. पण त्या क्षणी तो फुटला. बेकरीवाल्याच्या बायकोने माझ्याकडे चमकून पाहिलं.

आत्या बोलेना. तिच्या मानेवरची शीर तेवढी हलली. मला वाटलं, ती आता वळेल. शिकवणीच्या बाई खाकरल्या.

"आमचा," आत्या म्हणाली.

बेकरीवाल्याने तो वाटा पाहिला आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, जणू त्याच्या मनातलं काहीतरी चुकीचं ठरलं होतं. मी पुढच्या वाट्यावर सरकले. मग त्याच्या पुढच्या. आत्याने कॅप्टनकाकांचं नाव घेतलं, मग शिकवणीच्या बाईंचं. आता दोन उरले होते, दोन घरं उरली होती. बेकरीवाल्याच्या घरात कुणी आजारी नव्हतं. मी कॅनवर हात ठेवला. आवाज सपाट ठेवला, रस्त्यात कुणी वाजले किती विचारावं तसा. आत्याला फसवून इथवर आले होते, पण पुढचं माझ्या हातात नव्हतं. ती फसली असेल तर तिच्या लेखी हा कुठलाही वाटा होता आणि ती कुणाचंही नाव घेणार होती.

"हा कुणाचा?"

या वेळी ती थांबलीच नाही.

"चष्मेवाल्यांचा," ती म्हणाली. तो तिचा एक्स्चेंजमधला आवाज होता. लहानपणी मी तिला डबा द्यायला जायचे तेव्हा तो ऐकलेला. त्यात काहीच नसायचं, राग नाही, माया नाही. त्या आवाजात ती सगळ्या जगाशी बोलायची, माझ्याशी कधीच नाही.

चष्मेवाल्याने कॅन छातीशी धरला. "आईच्या नावाने निघाला," तो म्हणाला, आणि जिना उतरताना त्याची चप्पल निसटली तरी तो थांबला नाही.

आमचा वाटा मी एकटीने खाली आणला. आत्या मागून येत होती, कठड्याला धरून, एकेक पायरी. घरी आल्यावर मी पाणी गाळलं, आपल्या औषधाचे थेंब टाकले. त्यात गंजाचा वास राहिलाच. समोरच्या दारातून चष्मेवाला आईला "हळू, हळू पी," म्हणत असल्याचं ऐकू आलं.

आत्या पलंगाच्या टोकाला बसली होती, खिडकीकडे तोंड करून.

"तुला कळलं होतं," मी म्हटलं.

"आयुष्यभर लोक माझ्या कानात खोटं बोलत आले," ती म्हणाली. "मी जोडून द्यायचे. आज तुझंही जोडून दिलं."

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले. तिने खांदा काढून घेतला नाही, पण टेकलाही नाही. तेवढ्यात बटण जागी झाली.

"आई, पाणी."

मी तिला उठवून मांडीवर टेकवलं आणि पेला ओठाला लावला. तिने तोंड वाकडं केलं, पण घोट घेतला. मग दुसरा. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिले. आत्या अजून खिडकीकडे बघत होती.

"पोटात राहिलं का?" बऱ्याच वेळाने तिने विचारलं.

"राहिलं," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी अगदी साध्या आवाजात सांगितलं होतं. तरी आत्या उठली, वळली, बटणपाशी आली आणि तिने चष्मा लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलं.